मराठीत एका 'ना'वर भागतं, मग इंग्रजीत क्वेश्चन टॅग दरवेळी का बदलतो आणि बोलताना लावायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की मराठी मीडियममधून शिकलात, आता नाशिकमधल्या अंबडला कंपनीत आहात, बाहेरच्या क्लायंटशी आठवड्यातून दोन-तीन कॉल असतात आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'इझन्ट इट' हाच टॅग, म्हणजे वाक्याला जोडलेला छोटा प्रश्न, लावायची सवय लागलीय. मॅनेजरने टोकलं म्हणून शाळेचं व्याकरणाचं पुस्तक काढलं तर त्यात वीस नियम, ते पाठ होत नाहीत, आणि पाठ केले तरी बोलताना आठवत नाहीत. तर पाठ न करता हे जमेल का, असं विचारलंय. जमेल. मी म्हसरूळला राहते, संध्याकाळी घरीच आठवी ते बारावीची इंग्रजीची ट्यूशन घेते, आणि त्याआधी सहा सीझन पिंपळगावकडे एका द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये डॉक्युमेंटेशनला होते, म्हणजे तुमच्यासारखेच कॉल मीपण केलेत. त्यामुळे पेपरातलं आणि फोनवरचं दोन्ही सांगते.

आधी ती इझन्ट इटची सवय कुठून येते ते बघा, कारण ती आळसातून नाही येत, मराठीतून येते. आपण म्हणतो मिसळ तिखट आहे ना, तू काल गंगेवर गेला होतास ना, दादा येणार नाही ना, पाव गरम मिळतील ना. वाक्य कुठलंही असू दे, माणूस कुठलाही, काळ कुठलाही, 'ना' तोच. हिंदीत 'है ना' पण तसंच. एवढंच काय, फ्रेंच आणि जर्मन लोकसुद्धा एकच ठरलेला तुकडा सगळीकडे लावतात. म्हणून आपलं डोकं इंग्रजीतही एकच तुकडा शोधतं आणि त्याला इझन्ट इट सापडतं. इंग्रजी व्याकरणातला टॅग मात्र असा बाहेरून आणून लावायचा तुकडा नाही. इंग्रजी टॅग हा त्याच वाक्याचा छोटा केलेला प्रश्न असतो. ही एक गोष्ट डोक्यात बसली की वीसपैकी पंधरा नियम आपोआप येतात, कारण ते वेगळे नियम नाहीतच.

म्हणजे काय, ते करून बघू. 'द मशीन इज रेडी' हे वाक्य. याचा नुसता प्रश्न करा, टॅगबिग विसरा. 'इज द मशीन रेडी?' आता सुरुवातीचे दोन तुकडे घ्या, इज आणि द मशीन. मशीनच्या जागी इट. इज इट. वाक्य होकारी होतं म्हणून टॅग नकारी करायचा, इझन्ट इट. 'द मशीन इज रेडी, इझन्ट इट?' इथे इझन्ट इट बरोबर आहे कारण ते या वाक्यातूनच निघालंय. आता 'यू कॅन सी माय स्क्रीन' घ्या. प्रश्न, 'कॅन यू सी माय स्क्रीन?' कॅन यू उलटं केलं की कान्ट यू. 'दे हॅवन्ट रिप्लाइड' चा प्रश्न हॅव दे, वाक्य आधीच नकारी आहे म्हणून टॅग होकारी ठेवायचा, हॅव दे. झालं एवढंच. होकारीला नकारी, नकारीला होकारी, आणि शब्द त्या वाक्याच्या स्वतःच्या प्रश्नातून उचलायचे. विलचं वोन्ट होतं आणि शॅलचं शान्ट होतं तेवढं फक्त कानाला बसवून घ्या.

आता खरी गाडी अडकते ती जिथे इज, कॅन, हॅव असं काही दिसतच नाही तिथे. 'सुनीता वर्क्स इन सातपूर.' माझ्याकडची नववीतली एक मुलगी याला दोन दिवस 'वर्कसन्ट शी' लिहीत होती, आणि मला ते चूक असूनही आवडलं होतं, कारण तिने नियम बरोबर लावला होता, वाक्यातलं क्रियापद उचलून उलटं केलं होतं. मी तिला पाटीवर वर्क्स लिहून दिलं आणि शेवटचा 'स' बोटाने झाकला. म्हटलं उरलं काय, वर्क. आता हा 'स' कोणाचा? 'डझ सुनीता वर्क' म्हणताना वर्कचा स कुठे गेला? तो उडून डझमध्ये जाऊन बसला. म्हणजे वर्क्स हे डझ आणि वर्क असं जोडून बसलेलं आहे, प्रश्न केला की डझ बाहेर येतो. तिने पाटी हातात घेतली आणि स्वतःच खाली वेंट लिहिलं आणि म्हणाली, मॅडम मग यात डिड आणि गो आहे का. आहे. तेव्हापासून तिचं डझन्ट आणि डिडन्ट चुकलं नाही. तुम्हीपण तसंच करा, क्रियापदात लपलेला डू, डझ, डिड बाहेर काढा. 'सुनीता वर्क्स इन सातपूर, डझन्ट शी?' 'यू सेंट द मेल, डिडन्ट यू?'

यात दोन खड्डे आहेत. एक कट, पुट, हिट, लेट असली क्रियापदं, जी भूतकाळात बदलत नाहीत. 'ही पुट द कीज ऑन द टेबल.' पुटला स नाही आणि कर्ता 'ही', म्हणजे तो, आहे, म्हणजे हा वर्तमानकाळ असूच शकत नाही, डिड लपलाय, डिडन्ट ही. पेपर काढणाऱ्यांना हे फार आवडतं. दुसरा खड्डा हॅव. 'वी हॅव फिनिश्ड' मध्ये हॅव मदतनीस आहे म्हणून हॅवन्ट वी, पण 'वी हॅव टू रीस्टार्ट' मध्ये हॅव हे मुख्य काम करतंय, प्रश्न 'डू वी हॅव टू' असा होतो, म्हणून डोन्ट वी. 'शी हॅज अ स्कूटर' ला डझन्ट शी म्हणा, जुन्या ब्रिटिश पद्धतीने हॅझन्ट शी पण चालतं पण तुम्ही डझन्ट धरून ठेवा. 'यूज्ड टू' ला डिडन्ट. बघा, परत परत तेच करतोय आपण, आधी प्रश्न, मग टॅग.

फोनवर अजून एक गंमत होते की समोरचा सगळं जोडून बोलतो. 'हीज' ऐकू येतं, ते ही इज आहे की ही हॅज? पुढचा शब्द बघा. 'हीज गोइंग होम' असेल तर इझन्ट ही, 'हीज गॉन होम' असेल तर हॅझन्ट ही. तसंच 'यूड लाइक' मध्ये वुड आहे, 'यूड बेटर' मध्ये हॅड आहे. लिहिताना डोळ्यासमोर ॲपॉस्ट्रॉफी असते म्हणून थांबून विचार करता येतो, बोलताना नाही, त्यामुळे सुरुवातीला अशा वाक्यांना टॅग लावायच्या भानगडीत पडू नका.

आता जे नियम पुस्तकात वेगळे अपवाद म्हणून देतात ना, त्यातले निम्मे मराठीने सोपे होतात, आणि हे कोणी शिकवत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. उदाहरणार्थ हार्डली, सेल्डम, रेअरली, आणि फ्यू, लिटल. यात नॉट दिसत नाही तरी वाक्य नकारी धरतात, म्हणून टॅग होकारी. मुलं याची यादी पाठ करतात. यादी नको, मराठीत सांगून बघा. 'ही सेल्डम कॉल्स', तो क्वचितच फोन करतो. 'फ्यू पीपल केम', थोडेच लोक आले. तो 'च' ऐकू आला ना? तो च म्हणजे 'जवळपास नाहीच' असं सांगतो. आणि 'अ फ्यू पीपल केम' म्हणजे थोडे लोक आले, च नाही, म्हणजे होकारी. म्हणून 'फ्यू पीपल केम, डिड दे?' पण 'अ फ्यू पीपल केम, डिडन्ट दे?' एका 'अ' मुळे टॅग फिरतो, आणि मराठीत तेवढ्याच एका 'च' मुळे अर्थ फिरतो.

दुसरं लेट्स. 'लेट्स स्टार्ट, शॅल वी?' हे सगळ्यांना माहीत असतं. पण 'लेट अस गो' सुटं लिहिलं आणि परवानगी मागायची असेल तर टॅग विल यू होतो, आणि इथे मुलं गोंधळतात. मराठीत आपल्याकडे 'आपण' आणि 'आम्ही' असे दोन शब्द आहेत, इंग्रजीकडे एकच वी. लेट्स म्हणजे 'चला, आपण जाऊ या', ऐकणाराही त्यात आला, म्हणून टॅगमध्ये वी. परवानगीचं लेट अस म्हणजे 'आम्हाला जाऊ द्या', ऐकणारा बाहेर आहे, जाऊ देणारा तो आहे, म्हणून टॅगमध्ये यू. आपण की आम्ही, एवढं विचारलं की उत्तर सापडतं.

सरळ आज्ञेला किंवा विनंतीला विल यू लावा. 'सेंड मी द ड्रॉइंग, विल यू?' म्हणजे आपलं 'पाठव ना'. 'डोन्ट बी लेट, विल यू?' इथेही विल यूच. विनंतीला कान्ट यू, वुड यू असलंही लोक म्हणतात, पण विल यू कुठे चुकत नाही.

बाकीचं भराभर सांगते. एव्हरीवन, समवन, नोबडी यांना टॅगमध्ये दे येतं, आणि नोबडी स्वतः नकारी आहे म्हणून 'नोबडी कॉल्ड, डिड दे?' नथिंगला इट, 'नथिंग इज ब्रोकन, इज इट?' धिस आणि दॅटला इट, दीज आणि दोजला दे. देअरने सुरू झालेल्या वाक्यात देअरच परत येतं, 'देअर इज अ प्रॉब्लेम, इझन्ट देअर?' आणि 'आय ॲम' ला आरन्ट आय. हा एकच खरोखरचा अपवाद आहे, कारण ॲम आणि नॉट जोडून तयार होणारा शब्द प्रमाण इंग्रजीत राहिला नाही, स्कॉटलंड आणि आयर्लंडकडे बोलण्यात 'ॲमन्ट आय' अजून ऐकू येतं, पण तुम्ही आरन्ट आयच म्हणा. नकारी असेल तर काही अडचण नाही, 'आय ॲम नॉट लेट, ॲम आय?'

'आय थिंक' ने सुरू होणाऱ्या वाक्यात टॅग थिंकचा नसतो, पुढच्या मुद्द्याचा असतो. 'आय थिंक ही इज ऑन लीव्ह, इझन्ट ही?' साहजिकच आहे, मला काय वाटतं ते मी तुम्हाला कशाला विचारू, तो रजेवर आहे का तेच विचारायचंय. 'आय डोन्ट थिंक दे विल ॲग्री, विल दे?' इथे डोन्ट थिंकजवळ असला तरी त्याचा नकार 'दे विल ॲग्री' ला लागतो, म्हणून होकारी.

आता बनवण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं. आवाज. याबद्दल पुस्तकात एखादी ओळ असते, आणि मला वाटतं तुमच्या कॉलवर अर्धी अडचण इथे असेल. सीबीएसला, म्हणजे नाशिकच्या बसस्टँडवर, उभे राहून तुम्ही शेजारच्याला विचारता, 'ही गाडी सिन्नरला जाते ना?' इथे ना वर चढतो, कारण तुम्हाला खरंच माहीत नाही, उत्तर हवंय. आणि मे महिन्यात तिथेच उभे राहून म्हणता, 'काय ऊन आहे ना', इथे ना खाली उतरतो, तुम्हाला उत्तर नकोय, समोरच्याने मान हलवावी एवढंच हवंय. इंग्रजी टॅग अगदी असाच चालतो. आवाज वर गेला तर खरा प्रश्न, खाली आला तर 'बरोबर ना, आपलं एकमत आहे' एवढंच. 'द डेट इज द फिफ्थ, इझन्ट इट' वर चढवून म्हटलं तर तुम्हाला तारीख नक्की माहीत नाही, उतरवून म्हटलं तर माहीत आहे आणि फक्त पक्कं करताय. आपली मुलं व्याकरण बरोबर करतात आणि प्रत्येक टॅग वर चढवतात, मग क्लायंटला वाटतं याला काहीच ठाऊक नाही. चाल नवीन शिकायची नाहीये, मराठीतला ना जसा म्हणता तसाच टॅग म्हणायचा. आधी मनात मराठी वाक्य म्हणा, ना चढतोय का उतरतोय ते ऐका, आणि तीच चाल इंग्रजीला द्या.

एक सावधगिरी पण. 'यू डिडन्ट रीड माय मेल, डिड यू' असं खाली उतरवून म्हटलं तर ते 'वाचलाच नाहीस ना मेल' असं खडसावल्यासारखं लागतं. क्लायंटला असं म्हणू नका, त्याला सरळ 'हॅव यू हॅड अ चान्स टू रीड माय मेल' विचारा. आणि याच नकारी वाक्याचा एक अतिशय गोड उपयोग आहे, 'यू कुडन्ट सेंड मी द ड्रॉइंग बाय इव्हनिंग, कुड यू?' आवाज वर. शब्दाला शब्द लावला तर वाटेल समोरच्याला जमणार नाही असं म्हणतोय, पण अर्थ आहे 'संध्याकाळपर्यंत पाठवायला जमेल का हो, बघा ना'. ब्रिटिश लोक हे खूप वापरतात, कळलं नाही तर आपण उगाच दुखावतो. तसंच 'सो यू आर फ्रॉम नाशिक, आर यू?' असं कोणी म्हणालं, दोन्हीकडे होकारी, तर ती त्याची चूक नाही. ते आपलं 'अच्छा, म्हणजे तुम्ही नाशिकचे का' असतं.

आता तुम्ही विचारलं नाही ते सांगते, कारण मला ते महागात पडलंय. टॅग लावता आला तरी टॅगचं उत्तर देता येणं वेगळं. माझ्या दुसऱ्या सीझनची गोष्ट, फेब्रुवारी महिना, रात्री साडेनऊला नेदरलँडच्या खरेदीदाराचा फोन. आमचा कंटेनर भरायचा चालू होता, माल प्रीकूलिंगमधून, म्हणजे थंड करायच्या खोलीतून, निघून गाडी भरायच्या डॉकवर आला होता, मी हातात पॅकिंग लिस्ट घेऊन उभी, मागे ब्लोअरचा आवाज. त्याने विचारलं, 'यू हॅवन्ट सील्ड द कंटेनर येट, हॅव यू?' मी म्हटलं, 'येस, येस.' माझ्या मनात होतं, हो, बरोबर, अजून सील केलेला नाही. त्याने ऐकलं की सील केला. त्याला एका पॅलेटवरच्या अर्ध्या किलोच्या पनेटचं, म्हणजे छोट्या डब्यांचं, लेबल बदलून हवं होतं, तो म्हणाला ओके, नेव्हर माइंड, आणि फोन ठेवला. मी त्याला ओके समजून कामाला लागले. दोन तासांनी सील लागलं, गाडी न्हावा शेवा बंदराकडे निघाली. चार दिवसांनी मेल आला तेव्हा सगळं कळलं. बोट पोचल्यावर तो पॅलेट तिकडे उघडून नवीन लेबलं लावली आणि तो खर्च आमच्या बिलातून वजा झाला. तिथे दोन तास होते आमच्या हातात, एक पॅलेट बाजूला काढून लेबल बदलायला तेवढे पुरले असते.

तेव्हापासून मी हे सगळ्यांना सांगते. मराठीत 'हो' म्हणजे 'तू म्हणतोस ते बरोबर'. 'तुम्ही जेवला नाहीत ना?' 'हो, नाही जेवलो.' आपल्याकडे यात काही वावगं नाही. इंग्रजीत येस आणि नो समोरच्याच्या बोलण्याशी जुळत नाहीत, तुमच्या स्वतःच्या पुढच्या वाक्याशी जुळतात. झालं असेल तर येस, झालं नसेल तर नो, मग प्रश्न होकारी असो की नकारी. सील केला असेल तर 'येस, वी हॅव', नसेल तर 'नो, वी हॅवन्ट'. आणि नुसतं येस किंवा नुसतं नो कधीच म्हणू नका, त्यानंतर 'वी हॅव' सारखे दोन शब्द जोडाच. ते दोन शब्द जोडले की चूक झालीच तरी समोरच्याला लगेच कळतं की काहीतरी विसंगत बोलतोय आणि तो परत विचारतो. मी त्या रात्री 'येस, वी हॅवन्ट' असं चुकीचं जरी म्हटलं असतं तरी त्याने परत विचारलं असतं आणि ते लेबल इथेच बदललं गेलं असतं.

सगळीकडे इझन्ट इट चालतं का, याचं उत्तर. कळतं सगळ्यांना, भारतातलं इंग्रजी म्हणून ते ओळखलं जातं, आणि वेल्समध्ये किंवा लंडनच्या बोलीत लोक स्वतःच सगळीकडे 'इझन्ट इट' किंवा 'इनिट' लावतात, त्यामुळे यात लाजण्यासारखं काही नाही. पण पेपरात मार्क जातील आणि कामाच्या कॉलवर ते सैल वाटतं, मॅनेजरने टोकलं ते म्हणूनच. जिथे टॅग पटकन सुचत नाही तिथे 'राइट?' म्हणा. 'यू सेंट द फाइल यस्टरडे, राइट?' हा आपल्या ना सारखाच, कधी बदलत नाही, आणि इंग्रजी बोलणारे लोकही दिवसभर वापरतात. फक्त दर वाक्याला नको, तो पण नको आणि टॅग पण नको.

सवयीसाठी एक सांगते. तुमच्या-माझ्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, पहिलीपासून ते २००० साली आलं, त्यामुळे आपला कान उशिरा तयार झालाय हे धरून चला आणि घाई करू नका. कंपनीत जाता-येता सिटीलिंकच्या बसमध्ये बसलात की कानावर पडणारं कुठलंही ना वालं वाक्य उचला. कोणीतरी म्हणतं, पाऊस थांबला ना. मनात प्रश्न करा, 'हॅज द रेन स्टॉप्ड', मग टॅग, 'द रेन हॅज स्टॉप्ड, हॅझन्ट इट?' दिवसाला पाच वाक्यं पुरे. मुलांकडून मी लिहून घेते तेव्हा टॅगच्या आधी पेन्सिलने तो पूर्ण प्रश्न वर लिहायला लावते, महिनाभराने पेन्सिल आपोआप सुटते. परीक्षेला बसणारं कोणी घरात असेल तर त्यांना एवढं सांगा की वाक्यानंतर स्वल्पविराम, टॅग लहान अक्षरात, शेवटी प्रश्नचिन्ह, आणि टॅगमध्ये नॉट सुटं नाही, जोडूनच लिहायचं.